अमानत ठेवलेला गेम

परवा झैद, माझा धाकटा, कामावरून आला तो बूट न काढताच आत आला. हातात मोबाईल, डोळे एवढे मोठे. "अम्मी, जाहीर झाला! नवा येतोय!" मला वाटलं, व्हिसाचं काही झालं. मस्कतला इतकी वर्षं काढली, तरी दारातून कुणी घाईनं आत आलं की माझ्या मनात आधी तेच येतं: कागद संपले, नोकरी गेली, नाहीतर बीडहून फोन आला. तसलं काही नव्हतं. ज्या गेमसाठी हा पोरगा शाळेपासून जीव टाकतो, त्याचं नवं मशीन येणार म्हणून कंपनीनं जाहीर केलं होतं. मी अल्लाचे आभार मानले आणि चहाचं आधण ठेवलं. मग त्यानं मला ओट्याजवळच धरून ती चित्रफीत दाखवली. चपटं, काळं, पोळपाट उभा केल्यासारखं मशीन. आत दाखवलेलं पाणी तर असं, की हात घातला तर भिजेल.

"यात कॅसेट कुठून घालायची?" मी विचारलं.

"कॅसेट कुठली, अम्मी? डिस्कसुद्धा नाही. सगळं नेटवरून उतरतं."

"आणि समजा तुला कुठं जायचं झालं, हे चार महिने कुणाकडं ठेवलं, तर त्यानं चालवायचं कसं?"

"त्यानं कशाला चालवायचं? माझ्या नावाशिवाय सुरूच होणार नाही ते." हे तो मोठ्या अभिमानानं म्हणाला.

मला आनंद झाला, हे आधी लिहिते. पोरगा स्वतःच्या पगारातून अशी वस्तू घ्यायचं मनात आणतो, याचा आनंद. आणि ते पाणी बघून झालेला वेगळा, कारण खोटं कशाला बोलू, माझीही बोटं शिवशिवली. पण त्याच्या मागोमाग मनात काहीतरी खाली बसलं. मालकाच्या नावाशिवाय जे मशीन सुरूच होत नाही, ते माझ्या लहानपणी आमच्या घरी आलं असतं, तर कपाटावरच बसून राहिलं असतं, आणि मी आज जी आहे ती नसते. झैदला मी एवढंच म्हणाले, "मी गेम पुरा केलेली बाई आहे, तुला ठाऊक आहे ना?" तो हसला. त्याला वाटतं, मोबाईलवर मी रंगीत गोळ्या फोडते त्याबद्दल बोलते. म्हणून हे प्रकरण लिहिते आहे.

आमचं घर मांजरसुंब्याला, चौकापासून जवळ, हायवेला लागून. पुढं अब्बांचं गॅरेज, मागं दोन खोल्या, मधे तरटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं अम्मीचं राज्य, पलीकडं ग्रीसचं. रशीद मिस्त्री म्हटलं की सोलापूर रोडवरचा कुठलाही ड्रायव्हर बोट दाखवून आमचं घर सांगायचा. दिवसभर ट्रकांच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर घण पडायचा, ढाब्यांवरची गाणी एकमेकांत मिसळायची, आणि या सगळ्याच्या खाली घाट चढणाऱ्या ट्रकांचा आवाज. मी चुलीपुढं बसल्या बसल्या आवाजावरून सांगायचे, हा भरलेला आहे, हा रिकामा, याचा क्लच गेलाय. घाटात ड्रायव्हर गिअर टाकतो तेव्हा एक श्वासभर आवाज तुटतो. गाडी मागं येते की काय असं वाटतं, आणि मग खालच्या गिअरमधे ती गुरगुरत पुन्हा धरते. तो तुटलेला श्वास मला अजून झोपेत ऐकू येतो. इथल्या रस्त्यांवर गाड्या आवाजच करत नाहीत.

घरात आम्ही दखनी बोलायचो, पडद्याच्या पलीकडं मराठी. मी इथं सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण लिहायला मला तीच शिकवली, आणि तीही पुरी नाही. मी सातवीत होते तेव्हा धाकट्या सलमाच्या वेळेला अम्मीनं अंथरूण धरलं. सहामाहीनंतर मी शाळेत परत गेलेच नाही. कुणी मला जाऊ नको म्हटलं नाही. भाकरी कुणीतरी थापायची होती, आणि माझ्या हाताला ती येत होती. अम्मी बरी झाली, सलमा रांगायला लागली, तोवर माझ्या वर्गातल्या पोरी पुढं गेल्या होत्या. कुणावर राग नाही माझा. पण माझा मोठा भाऊ अल्ताफ, तो तेव्हा नववीत, त्यानं मला नाव ठेवलं: साडेसहा. "ए साडेसहा, पाणी आण." "साडेसहा, माझा सदरा कुठंय?" पाहुण्यांनी विचारलं, पोरगी कितवी शिकली, की मी तोंड उघडायच्या आत तो सांगायचा, "साडेसहावी पास!" आणि सगळे हसायचे. अब्बाही हसायचे. त्यात वाईट काही नव्हतं, एवढंच, की मी हातात घेतलेलं काम अर्धंच राहणार, असं मलाही वाटायला लागलं होतं. शिवणाचा रुमाल अर्धा राहिला, की मी स्वतःशीच म्हणायचे, साडेसहा.

भागवतअण्णा अब्बांचे जुने गिऱ्हाईक. नांदूरघाटाकडचे धनगर. भाऊबंद मेंढरांमागं, हे एकटेच ट्रकवर. ट्रकच्या टपाखालीसुद्धा खांद्यावर घोंगडी. एके दिवशी त्यांनी ती घोंगडी उलगडून आतलं खोकं अब्बांपुढं ठेवलं.

"मिस्त्री, एवढी अमानत सांभाळा. टीव्हीवरचा गेम हाय. पोराला घेतलाय, मुंबईहून."

"मग घरी कावून नेत न्हाई?"

"घरी टीव्हीच न्हाई अजून! ह्यो आधी नेला तर संतोष टीव्हीपायी माझा जीव खाईल. टीव्ही पुढच्या खेपंला घेतो. दोन्ही संगंच नेतो, माझ्या हातानं."

आणि गेले. पुढची खेप काही आली नाही. त्यांची गाडी दक्षिणेत कुठंतरी लांबच्या कामावर लागली. कुणी ड्रायव्हर येऊन सांगायचा, हुबळीला दिसले. कुणी म्हणायचा, मद्रासच्या पुढं गेलेत. खोकं आमच्या लोखंडी कपाटावर. अमानत म्हणजे काय हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नसे. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेली वस्तू. तिला हात लावायचा नाही, उघडून बघायचं नाही, ती आपल्याकडं आहे हे चारचौघांत सांगायचंही नाही. अल्ताफ येता-जाता कपाटाकडं असं बघायचा, जसं मांजर दुधाकडं बघतं. मी फक्त धूळ पुसायचे.

पावसाळा सरता सरता एकदा पुसायला चढले, तर पुठ्ठ्याला पांढरी बुरशी धरलेली. मी खाली उतरले. अब्बा जेवायला बसले होते, अंबाडीची भाजी आणि भाकरी. मी भाकरी वाढली आणि विचारलं,

"अब्बा, तो पार्टसाठी थांबलेला ट्रक तुम्ही दर जुम्म्याला सुरू कावून करता?"

"न्हाई केला तर बॅटरी बसते. सील वाळतात. मशीन चाललं तर मशीन, थांबलं की भंगार."

"पण तो ट्रक आपला हाय का?"

"न्हाई."

"मग दुसऱ्याचं डिझेल जाळता?"

"अगं, त्याचाच माल टिकावा म्हणून जाळतो ना!"

"मग वर खोक्यात भागवतअण्णांचं मशीन हाय," मी म्हणाले. "त्याला बुरशी लागलीय."

अब्बांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी कपाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले. अम्मी पलीकडून म्हणाली, "अगे माँ, ये तो वकील होती थी!" आणि लगेच सलमाला थोपटायला लागली. मीही चुलीकडं वळले. पण अब्बांना माझ्या बोलण्यात फट सापडेना. दोन-तीन दिवस ते गाड्यांच्या खाली पडून ती फट शोधत असावेत. शेवटी शुक्रवारी नमाजहून आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "काढा खाली. पण ऐका. खेळायचं म्हणून नाही. मशीन गरम ठेवायचं म्हणून. तिकडं ट्रकचं इंजिन चालू असेल तोवर इकडं गेम चालू. इंजिन बंद, गेम बंद."

असा आमचा नियम झाला, आणि तो अब्बांनी कुराणाची शपथ घेतल्यासारखा पाळला. दुपारची लाईट भरवशाची नसायची, म्हणून त्या थांबलेल्या ट्रकच्याच बॅटरीवरून वायरी खिडकीतून आत घेतल्या. टीव्ही छोटा, काळा-पांढरा, ट्रंकेवर ठेवलेला. तो बॅटरीवरही चालायचा. बाहेर ट्रक धडधडत सुरू व्हायचा, खिडकीचे गज थरथरायचे, घरभर डिझेलचा वास, त्यात अम्मीच्या बगारा भाताचा आणि दालच्याच्या आमटीचा वास, आणि टीव्हीच्या पडद्यावर मुंग्यांतून तो उगवायचा. पाठीला पोतं घेतलेला एक बुटका माणूस. त्याचं खरं नाव काय होतं देव जाणे, आम्ही त्याला हमाल म्हणायचो. हमालानं पोतं घेऊन सात दरवाजे ओलांडायचे. वाटेत खड्डे, वरून दगड टाकणारे पक्षी, फिरणारी चाकं. त्याला तीन जान. तिन्ही गेल्या की पुन्हा पहिल्या दरवाजापासून.

आधी अल्ताफ खेळायचा, तो मोठा, तो मुलगा. त्याच्या तीन जान भसाभस जायच्या, कारण त्याला थांबणं माहीत नव्हतं. मग तो चिडून रिमोट माझ्याकडं टाकायचा. हातात धरायच्या त्या बटणांच्या पट्टीला आम्ही रिमोटच म्हणायचो. आणि मला एक गंमत कळली. भाकरी थापताना एक हात फिरवतो आणि दुसरा दाबतो, दोघांचा ठेका वेगळा असतो आणि तरी दोघं एकमेकांना सांभाळतात. इथंही तसंच. डावा अंगठा चालवतो, उजवा उडवतो. जी मुलगी रोज घरभराच्या भाकरी थापते, तिचे हात कधीच तयार झालेले असतात. तिसरा दरवाजा गेला, चौथा, पाचवा. अल्ताफ अजून तिसऱ्यात. एका शुक्रवारी मी सहावा ओलांडला आणि सातव्यात शिरले, तर पुढं पडदाभर विंचू. नांगी वर. ती कधी खाली येईल याचा काही नेमच नाही. पडली की हमाल गेला. त्या शुक्रवारी गेला, पुढच्या शुक्रवारी गेला, त्याच्या पुढच्याही. अल्ताफला काय पाहिजे होतं? तो जमिनीवर लोळून हसला. "बघा अब्बा, गेममधेबी साडेसहा! साडेसहाच्या पुढं हिचं काही जातच न्हाई!"

त्या दिवशी मला कळलं की मला हा विंचू मारायचाच आहे. संतोषचा गेम संतोषकडं जाणार, ते ठरलेलं. पण भागवतअण्णांची गाडी चौकात वळायच्या आत मला एक गोष्ट शेवटापर्यंत न्यायची होती. एकच. मग जाऊ दे गेम.

मधे एक तमाशा झाला, तो सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आमच्याकडं काशीबाई शेळीचं दूध घालायला यायच्या. पडद्याअलीकडं काय चालतं त्यांना ठाऊक नव्हतं, कारण अमानतीचं बाहेर सांगायचं नव्हतं. एका शुक्रवारी त्या मागल्या दाराशी आल्या आणि आतून माझा आवाज: "अल्ताफ मेला! अल्ताफ मेला, अम्मी!" आणि अम्मी शांतपणे म्हणते, "मरू दे. आता तुझा नंबर." काशीबाईंच्या हातातली चरवी तिथंच पडली. त्या बोंब मारत गॅरेजात धावल्या. "मिस्त्री, घात झाला वो! पोरगं गेलं, आन बाई म्हणती मरू दे!" अब्बा गाडीखालून निघाले, त्यांच्यामागं दोन ड्रायव्हर, एकाच्या हातात पाना, ढाब्यावरचा आचारी झारा घेऊन. सगळे पडदा फाडून आत. आत अल्ताफ पालथा पडून शेंगदाणे खातोय.

"जिता हाय की!" आचारी म्हणाला.

"एक जान गेली माझी," अल्ताफ म्हणाला. "अजून दोन हायत."

काशीबाई मटकन खाली बसल्या. श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आरं, मग आमालाबी द्या की एखादी!" त्यानंतर लपवण्यासारखं काही राहिलंच नाही. दर शुक्रवारी काशीबाई दूध घालून बसायच्याच, आणि खिडकीच्या बाहेर ड्रायव्हरांची तोंडं. "हमालाला जपून ने ग बाई," त्या सांगायच्या, "त्याच्या पोत्यात कुणाचं तरी दाणं असतील." अब्बांना लाज वाटायची, पण नियम मोडत नव्हता, म्हणून ते बोलायचे नाहीत. फक्त इंजिन बंद करायची वेळ झाली की करायचे. मी विंचवापुढं असले तरी करायचे.

झैदला हे सगळं काल सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, नव्यात तुझी आणि सलमाखालाची टीम करता येईल. ती बीडला, तू इथं, एकाच वेळी." मी लगेच म्हटलं, घे, घेऊन टाक. आणि रात्रभर विचार करत पडले, की एवढं मोठं घेतो आहे आणि नोकरीचं काही झालं तर. माझं असंच आहे. मशीनबद्दलही असंच. सलमाचा आवाज कानात येईल म्हणून ते उद्या यावं असं वाटतं, आणि खिडकीतून कुणाचं तोंड आत येणार नाही म्हणून येऊच नये असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. यातलं कुठलं पुसायचं, मला कळत नाही, म्हणून दोन्ही ठेवलंय.

भागवतअण्णा आले तो मंगळवार होता. ट्रक थेट आमच्या खिडकीला लावला, उतरले, काळवंडलेले, बारीक झालेले. अम्मीनं भाकरी-चटणी पुढं ठेवली. अण्णा खाता खाता म्हणाले, "मिस्त्री, टीव्ही घेतला बगा. गाडीत हाय. पर पोरगं फोनवर काय म्हनतंय? कुनीतरी सांगितलंय त्याला, नवा गेम निघालाय. चकतीवाला. कॅसेटच न्हाई म्हनं. ह्यो आता जुना झाला. मी अजून दिला बी न्हाई, आन जुना झाला!"

अल्ताफ उठूनच उभा राहिला. "चकतीवाला? रंग जास्त असतील? माणसं खऱ्यासारखी?" त्याचा चेहरा उजळला होता. माझं तसं नव्हतं. मला आधी राग आला. ज्याच्यासाठी मी आठवडा मोजत होते, त्याला न बघताच जुना म्हणणारा हा कोण संतोष? मग मनात आलं, त्याला नकोच असेल तर इथंच राहील का? आणि तसं मनात आल्याची मला शरम वाटली, अमानत होती ती. अण्णांनीच ते सोडवलं. "मी म्हनलं, बाबा, आधी ह्यो खेळ. नव्याचं नव्या वक्ताला. संध्याकाळी घरी पोचतोय मी. द्या मिस्त्री, चालतो का तेवढं बघतो आन निघतो."

आता सांगायचं म्हणजे, अब्बांनी आयुष्यात एकही गाडी ट्रायल दिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही. मालक घाईत असला, शिव्या देत असला, तरी नाही. पहिल्या गिअरपासून टॉपपर्यंत गाडी चौकातून घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आली पाहिजे, मगच चावी. अण्णा नुसतं पेटतं का बघणार होते. अब्बा हात पुसत म्हणाले, "पेटला म्हणजे चालला असं न्हाई, अण्णा. पुरी ट्रायल बघा. सगळे गिअर." अल्ताफनं रिमोटकडं हात नेला. अब्बा म्हणाले, "तू न्हाई. नसरीन."

माझं नाव. साडेसहा नाही. मी ओढणीला हात पुसले आणि बसले. थांबलेला ट्रक शनिवारीच दुरुस्त होऊन गेला होता, म्हणून वायरी अण्णांच्या गाडीला लावल्या. अब्बा केबिनकडं निघाले तर अण्णा म्हणाले, "इंजिन कशाला? बॅटरी कोरी करकरीत हाय, मद्रासला बदलली. चालतंय तसंच." अब्बा थांबले. आज शुक्रवार नव्हता, नियमही नव्हता. इंजिन बंदच राहिलं.

आणि गेममधून गाणं आलं. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. इतके शुक्रवार आम्ही तो खेळत होतो, पण खिडकीशी ट्रक धडधडत असायचा. गेमला आवाज आहे हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. हमाल उडाला की टुण्‌ वाजायचं. पक्षी दगड टाकायच्या आधी शीळ घालायचा. "अगं बया, हा तर बोलतोय!" दूध घालायला आलेल्या काशीबाई म्हणाल्या. मी त्या आवाजानं इतकी गडबडले की दुसऱ्याच दरवाजात एक जान घालवली. अल्ताफ हसला नाही. तोही कान देऊन ऐकत होता. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्यात चाकाखाली दुसरी जान गेली. उरली एक. बाहेर खिडकीला माणसं लागली होती. आचारी आला होता, चहाचा गाडा सोडून चहावाला आला होता. सातवा दरवाजा.

विंचू. नांगी वर. मी हमालाला लांबच थांबवला आणि ऐकलं. विंचू घरघरत होता, एकसारखा, चढावर लागलेल्या ट्रकसारखा. मग घरघर तुटली, एक श्वासभर काही नाही, आणि नांगी धाडकन खाली. पुन्हा घरघर. पुन्हा तुटली. पुन्हा धाडकन. हा तर गिअर टाकत होता! मेला इतके दिवस मला सांगत होता, आता मारतो, आता मारतो, आणि मी इंजिनाच्या आवाजात बहिरी बसले होते.

तेवढ्यात टीव्हीचा पडदा आकसायला लागला. चारी बाजूंनी काळी किनार आत सरकू लागली. "बॅटरी उतरली!" अल्ताफ ओरडला. "कोरी करकरीत म्हणे! अब्बा, इंजिन मारा!" बाहेर कुणीतरी केबिनचं दार उघडलं.

"नक्को!" मी ओरडले. आमच्या घरात मी त्या आधी कधी ओरडले नव्हते, पडद्यापलीकडच्या पुरुषांवर तर नाहीच. "इंजिन नक्को! कुणी बोलू नका! ढाब्याचं गाणं बंद करा!"

आणि बंद झालं. खरंच बंद झालं. आचारी पळत गेला असावा. चौक काही थांबला नाही, पण आमच्या खिडकीपाशी सगळी माणसं मशिदीत उभी असावीत तशी उभी राहिली. काळी किनार सरकत होती, विंचू आता तळहाताएवढ्या उजेडात उरला होता. घरघर. तुटली. मी हमालाला मागं घेतला. धाडकन. मी पुढं गेले, शेपटीवर पाय, एक. घरघर. तुटली. मागं. धाडकन. पुढं, दोन. मला नीट दिसतही नव्हतं, मी नुसत्या कानानं खेळत होते. तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा मी मागं गेलेच नाही. त्या एका श्वासात हमालाला सरळ त्याच्या पोटाखालून पळवला. नांगी रिकाम्या जागी पडली. आणि पलीकडं दरवाजा होता. उघडा.

हमालानं पोतं खाली ठेवलं. इतका वेळ वाहिलेलं पोतं पहिल्यांदाच. त्यातून फुलं उडाली, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पांढरी फुलं, आणि वर इंग्रजी अक्षरं आली. ते दोन लहान शब्द होते, तेवढं मला वाचता येत होतं. "द एंड," मी वाचलं. मोठ्यानं वाचलं.

मग जो आवाज झाला, तो हायवेवरच्या गाड्यांनी ऐकला असेल. आचारी झाऱ्यानं खिडकीचे गज बडवत होता. काशीबाईंनी माझ्या तोंडावरून हात उतरवून बोटं कडाकडा मोडली. अम्मी रडत होती आणि सलमाला उगाचच घट्ट धरून होती. अल्ताफ "साडे" एवढं म्हणाला आणि थांबला. त्याला पुढचा आकडा सापडेना. अब्बा टीव्हीकडं बघत होते. मी घाबरले, जास्त ओरडले म्हणून रागावले की काय. ते अण्णांकडं वळले आणि गॅरेजात गिऱ्हाइकाला सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "टॉप गिअर लागला, अण्णा. गाडी ओके."

अण्णा मान हलवत राहिले. "मिस्त्री, ही पोरगी..." म्हणाले आणि घोंगडी सावरत ट्रककडं निघाले.

खोकं मीच बांधलं. रिमोटची वायर गुंडाळली, कॅसेट फडक्यात घातली, सुतळीची गाठ मारली. दुसरं कुणी हात लावायला आलं नाही. वाईट वाटलं का? झैदनं काल हेच विचारलं. वाटलं, पण भाकरी करून झाल्यावर तवा उतरवताना वाटतं तेवढंच. अण्णा केबिनमधे चढले होते. मी खोकं घेऊन पडदा ओलांडला, गॅरेज ओलांडलं, तेल सांडलेल्या मातीवरून त्या सगळ्या माणसांमधून ट्रकपर्यंत गेले. त्यांनी वाट दिली. खोकं वर दिलं.

"अण्णा, संतोषला सांगा, सातव्या दरवाजाला डोळे कामाला येत न्हाईत. कान लावायचा. आवाज तुटला की पळायचं."

"सांगतो की." अण्णांनी खोकं घोंगडीत घेतलं. "आन कुनी सांगितलं म्हनून सांगू? रशीद मिस्त्रीच्या पोरीनं?"

अब्बा माझ्या मागंच उभे होते.

"नसरीननं," मी म्हणाले. "नसरीननं सांगितलं म्हणून सांगा."